भिंतीमागची हपमोबिल

अॅडलेडच्या पूर्वेला, आमच्या मॅलीच्या मुलखात जमीन सपाट आहे. इतकी सपाट, की सकाळी दाराशी उभं राहिलं तर शेजाऱ्याचा धूर दिसतो, शेजारी दिसत नाही. उंच म्हणावं असं इथं काही नाही. गव्हाची कोठारं आणि पवनचक्क्या, बस्स. कोठारावर चढायचं कुणाला कारण नाही. चक्कीवर मात्र क्लाइव्ह अॅट्रिल चढायचा, आणि म्हणून आमचा मुलूख वरून पाहिलेला तो एकटाच माणूस होता.

तो चक्क्या दुरुस्त करायचा. आधी त्याचा मामा करायचा, मामाचे गुडघे गेल्यावर हा करू लागला. वर्षातून एकदा चक्कीच्या डोक्यातलं, म्हणजे पात्यांमागच्या यंत्रातलं, तेल बदलायचं, पात्यांचे बोल्ट आवळायचे, खाली विहिरीतला पंप ओढून काढून कातडी वायसर नवे घालायचे. कामाला तो सावकाश. वर गेला की लवकर खाली यायचा नाही. बायका स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायच्या आणि म्हणायच्या, "झोपला की काय हा वर?"

झोपायचा नाही. बघायचा.

वरून शेतं दिसतात, तशी शेडंही दिसतात. आमच्याकडे कुणी काही टाकून देत नाही. नांगर मोडला, शेडमध्ये. आजोबांची खाट, शेडमध्ये. ज्या शेडच्या दाराशी चाकोरी उमटलेली असते ते जागतं शेड. ज्याच्या दाराशी गवत उभं असतं, खारझुडपांनी उंबरा गिळलेला असतो, ते झोपलेलं. आणि झोपलेल्या शेडमध्ये पुष्कळदा एखादी जुनी मोटार असते. क्लाइव्हला हे विशीच्या आतच कळलं होतं. शुल्झांच्या शेवरलेमध्ये कोंबड्या अंडी घालायच्या. डॉक्टर मेयोंची मोटार दोन मुलांच्या भांडणात अडकून चाळीस वर्षं एका जागी उभी होती, पुढची चाकं एकाच्या वाटणीत, मागची दुसऱ्याच्या. गवताच्या गंजीआड, लोकरीच्या पोत्यांखाली, कुणाची लग्नातली, कुणाच्या मेलेल्या मुलाची. क्लाइव्हला सगळ्या ठाऊक होत्या. तो त्यांच्यावर जीव टाकायचा, पण दुरून. कुणी आपण होऊन दार उघडलं तर आत जायचा, टोपी काढायचा, बॉनेटवरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "छान आहे. उंदरांपासून जप." बाहेर कुणाजवळ अक्षर काढायचा नाही.

अॅडलेडहून जुन्या मोटारी शोधत व्यापारी यायचे. गुळगुळीत बूट, खिशात कार्ड. पबमध्ये क्लाइव्हला गाठायचे.

"तुम्ही म्हणे सगळी शेडं ओळखता?"

"चक्क्या ओळखतो."

"एखादी जुनी गाडी कुठं पाहिलीत?"

"पाहिली ना. बाहेर उभी आहे. माझीच आहे. हँडब्रेक लागत नाही तिचा, घेता का?"

पबमधली मंडळी बियरमध्ये तोंड घालून हसायची. म्हणूनच आमच्याकडचा कुणीही माणूस घराला कुलूप न लावता क्लाइव्हला चक्कीवर सोडून बाजाराला जाई. त्याचं नाव म्हणजे ते गप्प राहणं. दुसरी कमाई त्याच्याकडे नव्हती. लग्न झालं नाही, जमीन नव्हती.

आता नोस्केंचं सांगतो.

नोस्के मूळचे जर्मन, तीन पिढ्यांपूर्वी आलेले, आमच्यातल्या निम्म्या घरांसारखे. ऑटो नोस्के हा थोराड, अबोल माणूस. बायको आडेल्हाइड पाद्र्याची मुलगी. तिच्यासाठी त्यानं एक निळी हपमोबिल घेतली होती. उघडी गाडी, कापडी टप, पितळी दिवे. रविवारी चर्चला निघाली की आडेल्हाइड मागच्या सीटवर दोन मुलांना घेऊन बसायची आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाला हात करायची. ओळख असो नसो.

मग दुसरं महायुद्ध आलं, जर्मनांशी लढाई. पेट्रोल कुपनांवर मिळू लागलं. हिंडाफिरायच्या मोटारीला घोटभर, मालाच्या गाडीला बरं. तेव्हा लोकांनी काय केलं, तर करवती काढल्या. चांगल्या चांगल्या मोटारींची मागची अंगं कापली आणि लाकडी हौदे बसवले. मोटार मालाची गाडी झाली की कुपनं वाढत. ऑटोनंही एका सकाळी हपमोबिल नेली आणि संध्याकाळी हौदा बसवलेली निळी गाडी घेऊन आला. आडेल्हाइड ओसरीवर उभी होती. ती आत गेली. त्या गाडीत ती कधी बसली नाही. चर्चला चालत जाऊ लागली, जाऊन येऊन दोन तासांची वाट, उन्हापावसात. लढाई संपायच्या आधी, न्यूमोनियात, ती गेली. नवऱ्याशी चांगलं बोलणं झालं नव्हतं ते झालं नाहीच.

धाकटी इल्मा तेव्हा अकरा वर्षांची. तिनं आईचा राग वारशानं घेतला. लग्न केलं नाही, घर सोडलं नाही. बापाला रांधून घातलं, त्याचे कपडे धुतले, आणि तो मरेपर्यंत त्याच्याशी कामापुरतं बोलली. आमच्याकडे सगळ्यांना ते माहीत होतं. जेवायला बसल्यावर ऑटोला मीठ हवं असलं तर तो उठून घ्यायचा.

क्लाइव्ह एकोणीस वर्षांचा होता तेव्हा नोस्केंच्या मागच्या रानातल्या चक्कीवर चढला होता. तिथं चुनखडीच्या दगडाचं एक लांब शेड आहे. सकाळी तो त्या शेडमध्ये शिडी आणायला गेला होता. आतून ते शेड आखूड होतं, एका आडव्या भिंतीशी संपणारं. वरून बघितलं तर लांब. त्यानं पुन्हा पाहिलं. पुढून मधल्या भिंतीपर्यंत जेवढं, तेवढंच भिंतीच्या पलीकडे. तो ह्याचा विचार करतोय तोवर खाली ऑटो नोस्के आला, शेडच्या मागल्या अंगाला गेला, झुडपं बाजूला सारली, एक पत्रा उचलला आणि आत शिरला. उन्हाची तिरीप आत गेली आणि आतून दोन पितळी दिवे चमकले.

बाहेर येताना ऑटोनं वर पाहिलं.

"खाली ये रे पोरा."

क्लाइव्ह उतरला.

"काय दिसलं?"

"काही नाही, काका."

"खोटं बोलू नको. तुला येत नाही." ऑटो चक्कीच्या पायाशी बसला. हातात चिंधी होती, तेलाची. "ती आडेल्हाइडची गाडी आहे. अख्खी. कापली ती दुसरी, मरेब्रिजहून मोडकी आणलेली, तिला रंग दिला, हिचेच कागद लावले. ही लढाई संपली की तिला द्यायची होती."

"मग सांगितलं का नाही काकूंना?"

"आमचं आडनाव काय?"

"नोस्के."

"लढाईत ह्या आडनावाच्या माणसानं सरकारी कुपनांत लबाडी केली असती तर कुठं पाठवला असता? लोक्स्टनचा श्वार्ट्झ नुसता रेडिओ दुरुस्त करत होता, तरी तारेच्या कुंपणात, कैद्यांच्या छावणीत गेला. फौजदार घरी यायचा, ओसरीवर बसून चहा प्यायचा आणि बायकांना विचारायचा. ती पाद्र्याची मुलगी. तिला खोटं बोलता येत नव्हतं. मी म्हटलं, वर्ष दोन वर्षं रागावू दे." त्यानं चिंधीची घडी केली, पुन्हा उलगडली. "ती थांबली नाही."

क्लाइव्ह म्हणाला, "इल्माला तरी सांगा."

"नाही. तिला वाटतं बाप कठोर. कठोर बाप माणूस सोसतो. बाप मूर्ख होता, त्याच्या मूर्खपणानं आई रागात गेली, हे कसं सोसेल ती? तू सांगणार नाहीस. शब्द दे."

क्लाइव्हनं शब्द दिला. एकोणिसाव्या वर्षी शब्द द्यायला काही लागत नाही.

ऑटो गेला. मुलगा एर्विन शेती करू लागला. शेडच्या पुढच्या भागात त्यानं कुंपणाचे खांब रचले, भिंतीकडे कधी निरखून पाहिलं नाही. आपल्या घरची भिंत कोण निरखतं? क्लाइव्ह दरवर्षी चक्कीचं तेल बदलायला यायचा, वरून ते लांब शेड बघायचा, खाली उतरून इल्माच्या हातचा चहा आणि बदामाचा केक खायचा, आणि निघून जायचा. पुढं एर्विनही गेला. त्याचा मुलगा डेल अॅडलेडला नोकरी करतो, त्याला गव्हात रस नाही. त्यानं शेत एका मोठ्या कंपनीला विकलं. कंपनीला मोठ्या यंत्रांसाठी मोकळी रानं हवी होती. घर कंपनीच्या माणसासाठी राहणार, इल्मा गावात जाणार, बाकी सगळं पाडून चुनखडीच्या खड्ड्यात लोटायचं, असं ठरलं. बुलडोझर सोमवारी येणार होता. त्याआधी शनिवारी शेतावरच्या सामानाचा लिलाव.

त्या आठवड्यात क्लाइव्हची झोप उडाली. मी त्याला बुधवारी पेट्रोलपंपावर पाहिला. टाकी भरून झाली तरी नळी हातात धरून उभा होता. शब्द पाळला तर सोमवारी पत्र्या-दगडांबरोबर ती गाडीही खड्ड्यात जाणार. शब्द मोडला तर, ज्या मुलखात त्याचं गप्प राहणं हीच त्याची अब्रू, तिथं तो बोलका ठरणार. आणि ऑटोची भीती खरी होती की नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. इल्माला त्यातून काय मिळणार होतं? एक गाडी, आणि पन्नास वर्षांचं चुकलेलं गणित.

गुरुवारी तो चक्कीचं डोकं उतरवायला गेला. तेही लिलावात होतं. घरात सगळी खोकी. इल्मानं किटली तेवढी बाहेर ठेवली होती. बासष्टीची बाई, हात अजून घट्ट, जीभ त्याहून.

"बस खोक्यावर. ते नको, त्यात कपबशा आहेत. तुझ्या बुडाखाली आजीची चिनीमाती फुटली तर लिलावात तुलाच उभा करीन."

"मला कोण घेतंय."

"तेही खरंच. चहा घे."

क्लाइव्हनं चहा घेतला. प्यायला नाही.

"इल्मा, मागच्या रानातलं ते शेड."

"त्याचं काय?"

"आतून आखूड आहे."

"म्हणजे?"

"बाहेरून मोजलं तर दुप्पट आहे. मधली भिंत तुझ्या बापानं घातलीय. पलीकडे आईची गाडी आहे."

इल्मा केक कापत होती. सुरी केकमध्ये तशीच राहिली.

"आईची गाडी कापली त्यानं."

"ती दुसरी होती." आणि मग त्यानं सगळं सांगितलं, जसं चक्कीच्या पायाशी ऐकलं होतं तसं. फौजदार, आडनाव, पाद्र्याची मुलगी. एक शब्द गाळला नाही. मूर्ख हा शब्दही नाही.

इल्मानं खिडकीबाहेर पाहिलं. तिथं गुलाबी काकाकुव्यांचा थवा सांडलेला गहू टिपत होता. मग ती वळली.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"एकोणीस वर्षांचा होतो."

"तेव्हा पप्पा जिवंत होते."

"होते."

"पुढं पाच वर्षं जिवंत होते." तिचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं, असं क्लाइव्ह मला नंतर म्हणाला. "शब्द त्यांना दिलास. चहा माझा प्यालास. दरवर्षी. इथं बसून."

"हो."

"आणि केक."

"केकही."

"निर्लज्ज आहेस."

"आहे."

"टोपी घाल. चल."

डेल लिलावाच्या तयारीला आला होता. तो पहार घेऊन आला. मागल्या अंगाची झुडपं आता माणसाच्या उंचीची होती. पत्रा निघाला तेव्हा इतका करकरला, की आतल्या आत काहीतरी ओरडल्यासारखं वाटलं. आत धूळ, कोरडा वास, आणि गव्हाची पोती उसवून शिवलेलं एक मोठं पांघरूण. डेलनं आणि क्लाइव्हनं ते दोन टोकांनी धरून मागं ओढलं.

गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. निळी होती, धुळीखाली निळीच. चाकं काढून भिंतीला टेकवलेली. काचेवर एक तडा होता, आणखी काही नाही. पितळी दिवे मात्र काळवंडले होते. त्यांना पुसणारा माणूस गेल्यावर किती दिवस चमकणार?

"बापरे," डेल म्हणाला. "आत्या, हिची किंमत माहितीये का तुला?"

"गप्प बस रे."

इल्मा मागच्या दाराशी गेली. सीटचं कातडं एका जागी फाटलं होतं, तिथं ठिगळ होतं. जाड निळा दोरा, तिरके टाके, एकात एक गुंतलेले. इल्मानं टाक्यांवरून बोट फिरवलं. तिच्या लग्नासाठी म्हणून आईनं शिवून ठेवलेल्या अभ्र्यांवर तेच टाके होते. ते तिनं त्याच सकाळी खोक्यात भरले होते. ती दार उघडून आत बसली. ठोकळ्यांवरची गाडी थोडी कुरकुरली. डेल पुढं झाला, क्लाइव्हनं त्याचा दंड धरला.

"हा माणूस रोज माझ्यासमोर जेवायला बसायचा," इल्मा आतून म्हणाली. "मी त्याला कधी मीठ सरकवलं नाही."

क्लाइव्ह म्हणाला, "त्याला वाटायचं, तुला हे कळलं तर सोसणार नाही."

"मूर्ख होता," इल्मा म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "मूर्ख होते पप्पा." आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली, मोठ्यानं, जशी बापाच्या अंत्यविधीला रडली नव्हती. आमच्याकडे बायका अशा रडत नाहीत. डेल बाहेर जाऊन झुडपांकडे तोंड करून उभा राहिला.

शनिवारी लिलाव झाला. चर्चच्या बायकांनी सॉसेज भाजले, नांगर आणि खांब आणि चक्कीचं डोकं विकलं गेलं. लिलाववाल्यानं डेलला बाजूला घेऊन कानाशी काहीतरी सांगितलं, आणि मागल्या रानाकडे हात केला. डेल म्हणाला, "ती शेतावरची नाही. ती आत्याची." आणि तो विषय तिथंच संपला. सोमवारी बुलडोझर आला तेव्हा शेड दोन्ही बाजूंनी रिकामं होतं. हपमोबिल ट्रकवर चढून गावात इल्माच्या नव्या घराच्या छपराखाली उभी राहिली होती. घर दोन खोल्यांचं. छप्पर गाडीला थोडं कमी पडतं, मागचा भाग बाहेर राहतो.

पण गोष्ट पसरायची ती पसरली. आणि तिच्यामागून दुसरी गोष्ट पसरली: क्लाइव्ह बोलतो. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडतो. आमच्याकडे कुणी तोंडावर काही म्हणत नाही, नुसतं बोलावणं थांबवतं. त्या हिवाळ्यात तीन-चार शेतांवर शहरातून चक्कीवाला आला. सगळ्यात आधी रे हेंच्केनं बोलावला, जो क्लाइव्हबरोबर शाळेत एका बाकावर बसायचा. क्लाइव्हनं कुणाला जाब विचारला नाही. हाताला वेळ मिळू लागला, तो तो इल्माच्या छपराखाली घालवू लागला. इंजिन उतरवलं, एकेक भाग रॉकेलमध्ये धुतला.

"कधी सुरू होईल?" इल्मा विचारायची.

"होईल."

"घाई नाही. मला कुठं जायचंय? तू मात्र बाकीच्या चक्क्या बघ. पोट कसं भरशील?"

"केकवर."

"तो आता विकत घ्यावा लागेल तुला. फुकटचा बंद केलाय."

म्हणायची, आणि बशी पुढं ठेवायची.

वसंतात, गहू पोटरीला आला होता तेव्हा, रे हेंच्के तिथं आला. मीही तेव्हा तिथं होतो, पाना धरून. रे आत आला नाही. फाटकाशी उभा राहिला, टोपी हातात.

"चक्की कुरकुरतेय," तो म्हणाला. "त्या शहरातल्या पोरानं तेल घातलं म्हणे. कुठं घातलं देव जाणे."

"येतो उद्या," क्लाइव्ह म्हणाला. इंजिनातून डोकं वर न काढता.

इल्मा दारात आली. "रे, आत ये की. की फाटकानं धरून ठेवलंय?"

"नको, बूट चिखलाचे आहेत." रेनं गाडीकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग क्लाइव्हला म्हणाला, "जरा इकडं ये."

क्लाइव्ह हात पुसत गेला. पण फाटक काही लांब नव्हतं. आम्हाला सगळं ऐकू आलं.

"माझ्या लोकरीच्या शेडमागं कुठली गाडी आहे, तुला माहीत आहे."

"आहे."

"कुणाची, तेही."

"तेही."

"मी जिवंत आहे तोवर बोलू नको. मी गेलो की मात्र लोर्नाला सांग." लोर्ना त्याची बायको. रेनं टोपी डोक्यावर घातली, काढली. "पन्नास वर्षं नको. मी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सांग."

क्लाइव्हनं विचार केला. तो सावकाशच विचार करतो.

"मी आधी गेलो तर?"

रेला हे सुचलं नव्हतं. त्यानं क्लाइव्हच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग तेलकट हातांकडे, मग पलीकडे इल्माकडे, जी मागच्या सीटवरची धूळ झटकत आमच्याकडे लक्ष नसल्यासारखं दाखवत होती.

"मग काय," तो शेवटी म्हणाला, "आज घरी जाऊन मीच सांगतो तिला."

तो आपल्या गाडीत जाऊन बसला. दार लावल्याचा आवाज आला. पण इंजिन सुरू झाल्याचा आवाज बराच वेळ आला नाही, आणि आम्हीही तिकडं पाहिलं नाही.